कृपेवर विसंबायचे म्हणजे सकाळपासून रात्रीपर्यंत नक्की काय करायचे?

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा. पहाटे पाचला उठून शास्त्राचे दोन अध्याय वाचायचे आणि अर्धा तास प्रार्थना करायची, हा नेम तुम्ही कित्येक वर्षे पाळता. नेम झाला तर दिवस बरा जातो. नेम चुकला, मुलावर ओरडणे झाले किंवा सासूबाईंना काही तोडून बोललात, की प्रभूने पाठ फिरवली असे वाटते. मग दोन-तीन दिवस प्रार्थनेला बसवत नाही. चार महिने प्रभुभोजनही, म्हणजे चर्चमधल्या विधीतली भाकर आणि द्राक्षरसही, घेतलेले नाही. पाळकसाहेब म्हणतात, 'कृपेवर विसंबा.' आणि तुम्ही विचारता की सोमवारी सकाळी डबे भरताना ते करायचे कसे?

तुमच्या पत्रात सगळ्यात महत्त्वाचे आहेत ते 'दोन-तीन दिवस'. नेम कधी मोडतो, राग कधी येतो, हे पुढचे प्रश्न. पडल्यापासून परत प्रभूकडे वळेपर्यंत किती वेळ गेला, यावरून माणूस कशाच्या आधारावर उभा आहे ते कळते. स्वतःच्या वागणुकीवर उभा असलेला माणूस पडल्यावर लांब थांबतो, कारण काहीतरी चांगले करून दाखवल्याशिवाय समोर जायचे कसे, असे त्याला वाटते. कृपेवर उभा असलेला त्याच पावली परत येतो. हा मधला वेळ कमी करत जाणे, हाच खरा अभ्यास आहे. खाली जे सांगणार आहे ते सगळे त्यासाठीच.

आधी शब्दाबद्दल. 'कृपा' हा शब्द मराठी ख्रिस्ती माणसाला आयता आणि फार समृद्ध मिळाला. संतांनी तो शेकडो वर्षे जपला होता. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताच्या चरणांशी आलो, असे ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळक म्हणत, ते उगीच नाही. पण रोजच्या बोलण्यात या शब्दाला दोन चुकीचे अर्थ चिकटले आहेत. एक म्हणजे साहेबाची मेहेरबानी, जी मर्जी असेपर्यंत टिकते. दुसरा नवस. 'प्रभू, मुलाला नोकरी लागू दे, मी मंडळीला पंखे देईन.' पंखे देण्यात काही वाईट नाही, पण हा सौदा झाला. नवसाची सवय चर्चमध्ये येऊनही सुटत नाही. फक्त नारळाच्या जागी उपास, दशमांश आणि पहाटेची प्रार्थना येते. तुमचा पाचचा नेम आता कर्जाच्या हप्त्यासारखा झाला आहे. हप्ता चुकला की दारात वसुली येईल, ही भीती त्यातूनच येते. नव्या कराराच्या ग्रीक भाषेत कृपेसाठी 'खारिस' हा शब्द आहे, आणि नव्या करारातली बरीच पत्रे लिहिणारा पौल आभार मानतानाही हाच शब्द वापरतो. एकाच शब्दात देणगीही आणि देणगी मिळाल्याचे आभारही. किंमत चुकवण्याला त्यात जागाच नाही. इफिसकरांस पत्राच्या 2 ऱ्या अध्यायात 8 ते 10 ही वचने सलग वाचा: तारण कृपेने, विश्वासाच्या द्वारे, आपल्या कर्मांनी नाही, आणि लगेच पुढे, सत्कर्मे करण्यासाठीच आपण घडवले गेलो आहोत. कर्मे आहेतच, पण ती नंतर येतात. हा क्रम उलटा झाला की सगळे बिघडते.

जन्मापासून मंडळीत असलेल्यांना हे जास्त जड जाते, म्हणून पंडिता रमाबाईंचे उदाहरण सांगावेसे वाटते. त्यांचा बाप्तिस्मा 1883 मध्ये इंग्लंडात झाला. त्यानंतर सुमारे आठ वर्षांनी त्यांच्या ध्यानात आले की आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला, पण स्वतः ख्रिस्त मिळायचा राहिला आहे. एवढी विदुषी, एवढे वाचन, आणि तरी आठ वर्षे. त्यांनी ते उघडपणे लिहून ठेवले. त्यामुळे इतकी वर्षे चर्चला जाऊनही हे आपल्याला का कळले नाही, याची लाज बाळगू नका.

आता रोजचे. निर्गमच्या 16 व्या अध्यायात इस्राएल लोकांना रानात रोज सकाळी मान्ना नावाचे अन्न देवाकडून मिळण्याची हकीकत आहे, आणि कृपेचा व्यवहार समजून घ्यायला मला याहून चांगली जागा माहीत नाही. माणशी एक ओमर, म्हणजे अंदाजे दोन लिटरचे माप. ज्याने जास्त गोळा केले त्याला जास्त झाले नाही, कमी गोळा केले त्याला कमी पडले नाही. सकाळपर्यंत राखून ठेवले त्यात किडे पडले. आणि एक बारकावा बहुतेकांच्या नजरेतून सुटतो: ऊन तापले की मान्ना वितळून जात असे. म्हणजे देणे सर्वस्वी देवाचे, पण भांडे घेऊन सकाळी बाहेर जाणे माणसाचे. डिसेंबरच्या संमेलनात भरून आलेले मन मार्चमध्ये रिते वाटते, तेव्हा लोक म्हणतात, 'माझा विश्वास कमी झाला.' तसे काही नसते. कालचे आज चालत नाही, इतकेच.

सकाळचा नेम मोडू नका, पण त्याचे ओझे कमी करा. दोन अध्यायांऐवजी दहा-वीस वचनांचा एकच उतारा घ्या आणि तोच आठवडाभर वाचा. पहिल्या चार आठवड्यांसाठी इफिस 2:1-10, लूक 15:11-32, रोम 5:1-11 आणि स्तोत्र 103 हे पुरेत. वेळ दहा ते पंधरा मिनिटे. पाचला उठणे शक्य नसेल तर सहाला, नाहीतर मुले शाळेत गेल्यावर. पाच या आकड्यात काही पावित्र्य नाही. सुरुवात मागण्यांनी करू नका, पापांच्या यादीनेही नको. उताऱ्यात देवाने काय केले आहे ते एका वाक्यात मोठ्याने म्हणा आणि त्याबद्दल आभार माना. लूक 15 वाचत असाल तर: 'प्रभू, मुलगा दूर असतानाच बाप धावला, तू तसा आहेस.' बस. डोळ्यांत पाणी आले नाही तरी चालेल.

मग दिवसातली सगळ्यात अवघड जागा शोधा आणि ती घड्याळाच्या वेळेसह प्रभूला सांगा. इथेच बहुतेकांचे अडते. 'आजच्या दिवसावर तुझी कृपा असू दे' अशी प्रार्थना चुकीची नाही, पण ती इतकी सैल असते की संध्याकाळी सातला मुलगा गणिताची वही फेकतो तेव्हा ती आठवतही नाही. त्याऐवजी म्हणा: 'आज सातला अभ्यास घ्यायचा आहे. तिथे माझा तोल जातो. त्या वेळी मला धीर दे.' इब्री लोकांस पत्रात (4:16) कृपेच्या राजासनाजवळ धैर्याने यायला सांगितले आहे ते गरजेच्या वेळी साहाय्य मिळावे म्हणून. तेव्हा गरजेची वेळ कोणती, ते आधी आपल्याला माहीत हवे. रोज एकच जागा सांगा. पाच सांगितल्या तर एकही लक्षात राहत नाही.

सात वाजले. वही फेकली गेली. आता पाच सेकंदांची प्रार्थना. नहेम्याच्या 2 ऱ्या अध्यायात, यरुशलेम उद्ध्वस्त पडल्याच्या दुःखात असलेल्या नहेम्याला राजा विचारतो, तुला काय पाहिजे? आणि प्रश्न आणि उत्तर यांच्या मध्ये नहेम्या स्वर्गीय देवाची प्रार्थना करतो. राजासमोर प्याला घेऊन उभा असलेला माणूस किती वेळ प्रार्थना करू शकला असेल? एक श्वास. तुमच्यासाठी वाक्य असे ठेवा: 'प्रभू, माझ्याच्याने होत नाही, तू दे.' ते पाठच करून टाका, कारण रागात शब्द सुचत नाहीत. आणि लगेच एक छोटी कृती करा: आवाज खाली आणा, किंवा उठून पाणी प्या, किंवा 'पाच मिनिटांनी बसू' म्हणा.

ही कृती सोडू नका. कृपा म्हणजे छातीत काहीतरी शांत शांत वाटणे, अशी समजूत करून घेऊन माणसे त्या जाणिवेची वाट बघत बसतात. ती आली नाही की म्हणतात, देवाने ऐकले नाही. पुष्कळदा कृपा येते ती पुढचे एक लहानसे योग्य पाऊल टाकण्याच्या ताकदीतून, आणि पाऊल उचलल्याशिवाय ती ताकद आली होती हे कळत नाही. फिलिप्पैकरांस पत्रात (2:12-13) 'तुम्ही झटा' आणि 'तुमच्यात कार्य करणारा देव आहे' ही दोन्ही विधाने एका दमात येतात. पौल करिंथकरांना लिहितो की मी सगळ्यांपेक्षा जास्त श्रम केले, आणि लगेच जोडतो: ते मी केले नाही, देवाच्या कृपेने केले. नहेम्याकडेही पुन्हा पाहा. ती एका श्वासाची प्रार्थना हवेतून आली नव्हती. किस्लेव महिन्यापासून नीसान महिन्यापर्यंत, म्हणजे सुमारे चार महिने, त्याचे उपास आणि प्रार्थना चालू होत्या. आणि राजाने 'हो' म्हणताच त्याने प्रवासासाठी अधिकाऱ्यांच्या नावे पत्रे मागितली, वेशींसाठी लाकूड मागितले, कोणत्या अधिकाऱ्याकडून तेही सांगितले. सगळा हिशेब तयार होता. रमाबाईंच्या केडगावातही प्रार्थनेच्या जोडीला विहिरी, शेती, विणकाम आणि छापखाना होता.

आता पडल्यानंतर काय करायचे, तुमच्या 'दोन-तीन दिवसां'बद्दल. ओरडणे झालेच, तर जिथे आहात तिथेच, स्वयंपाकघरात, लोकलमध्ये, कुठेही, प्रभूला सांगा. संध्याकाळच्या प्रार्थनेपर्यंत थांबू नका. जे झाले त्याला त्याच्या नावाने हाक मारा: 'मी मुलाला घालूनपाडून बोलले.' 'काही चुकले असेल तर क्षमा कर' ही कबुली होत नाही. आणि 'कारण' हा शब्द आला की थांबा. 'मी चिडले, कारण तो ऐकतच नाही' यात कबुलीचा बचाव होऊन गेला. थकवा, कामाचा ताण हे सगळे खरे असेल. ते प्रभूला वेगळे सांगा, दयेची याचना म्हणून. मग योहानाच्या पहिल्या पत्रातले 1:9 आठवा: पाप पदरी घेतले तर तो विश्वसनीय व न्यायी आहे, क्षमा करतो. क्षमा झाल्याची जाणीव होण्याची वाट बघू नका. त्याने म्हटले आहे, तेवढे पुरे.

त्यानंतर त्या माणसाकडे जा. सहा वर्षांच्या मुलाचीही माफी मागता येते आणि मागावी: 'मी ओरडले ते चुकले, माफ कर.' पुढे 'पण तू पण' लावू नका. वहीबद्दल बोलायचे असेल तर तासाभराने बोला.

आणि स्वतःला शिक्षा लावू नका. रात्रीचे जेवण सोडणे, दोन दिवस गाणे न म्हणणे, उद्या एक तास जास्त प्रार्थना करून भरपाई करणे, हे सगळे नम्रतेचे वाटते, पण त्यामागे वधस्तंभावर जे चुकते झाले त्यात माझीही थोडी भर हवी, असा विचार लपलेला असतो. उपास चांगला आहे. दंड म्हणून केलेला उपास माणसाला आणखी आत वळवतो. पेत्राचे पाहा. 'मी येशूला ओळखत नाही' असे म्हणून या शिष्याने प्रभूला नाकारले, पण त्याआधीच प्रभूने त्याला सांगितले होते की तुझा विश्वास ढळू नये म्हणून मी तुझ्यासाठी प्रार्थना केली आहे (लूक 22:32). आणि योहान 21 मध्ये किनाऱ्यावर कोळशांचा विस्तव आहे, मासळी आहे, भाकर आहे. मुख्य याजकाच्या वाड्यातही पेत्र कोळशांच्या विस्तवापाशीच शेकत उभा होता. प्रभू त्याला आधी खायला घालतो आणि मग विचारतो, 'माझ्यावर प्रीती करतोस काय?' या क्रमावर एक आठवडा मनन करा.

प्रभुभोजनाबद्दल तुमच्यासारखीच अडचण असलेली माणसे प्रत्येक मंडळीत आहेत, आणि दरवेळी पुढे येते ते 1 करिंथ 11:27, 'अयोग्य प्रकारे' खाणे-पिणे. हा शब्द खाण्याच्या पद्धतीबद्दल आहे. योग्य माणसे एकीकडे आणि अयोग्य दुसरीकडे, अशी वाटणी पौल करत नाही. तसे असते तर मेजाजवळ कोणीच जाऊ शकले नसते. करिंथात काय चालले होते ते 21 आणि 22 व्या वचनांत आहे: काही जण आपापले जेवण आधीच उरकत होते, कोणी उपाशी राहत होता, कोणी पिऊन झिंगत होता, आणि गरिबांना खाली पाहायला लावले जात होते. ही ती अयोग्य पद्धत. आणि 28 वे वचन म्हणते, माणसाने आत्मपरीक्षा करावी आणि मग खावे, प्यावे. 'परीक्षा करावी आणि लांब बसावे' असे तिथे नाही. भूक लागलेल्या माणसाने आजारी आहे म्हणून जेवण सोडावे, तशी तुमची गत झाली आहे. दुसऱ्याशी भांडण चालू असेल तर ते मिटवायचा निश्चय करून या. कोणते पाप चालूच ठेवायचे असे ठरवले असेल तर पाळकसाहेबांशी आधी बोला. कॅथलिक वाचकांनी आपल्या धर्मगुरूंकडे पापनिवेदन करून मिस्साला जावे. त्यांच्या परंपरेत ही वाट अगदी स्पष्ट आहे.

उलट टोकाची चूकही असते, ती तुमची नाही तरी सांगतो. 'कृपा आहे ना, मग काय' असे म्हणून तोच व्यवहार, तोच खोटा हिशेब चालू ठेवणे. रोमकरांस पत्राचा 6 वा अध्याय नेमका याच प्रश्नाने सुरू होतो आणि पौलाचे उत्तर ठाम नकारार्थी आहे. तीताला तो लिहितो (2:11-12) की कृपा आपल्याला अभक्तीला नकार द्यायला शिकवते. शिकवते, म्हणजे ती शिक्षिकेसारखी आहे, रोज धडा घेणारी. कृपा खरोखर भेटली की हात खिशाकडे जातो. जक्कय या जकातदाराने अर्धी मालमत्ता गरिबांना आणि फसवलेल्यांना चौपट देण्याचे कबूल केले. पण आधी प्रभूने, तो चढून बसला होता त्या झाडाखाली थांबून, त्याला नावाने हाक मारली होती.

सासूबाईंच्या बाबतीत मत्तय 18 मधला हिशेब मांडून पाहा. त्या दाखल्यात राजा एका चाकराचे कर्ज माफ करतो, पण तो चाकर आपल्या सोबत्याचे देणे माफ करत नाही. राजाने माफ केलेले कर्ज दहा हजार टॅलेंट. एक टॅलेंट म्हणजे साधारण 6,000 दीनार, आणि एक दीनार ही मजुराची एका दिवसाची मजुरी. म्हणजे सहा कोटी दिवसांची मजुरी. सोबत्याचे देणे होते शंभर दीनार. आपण उपदेशात त्याला 'क्षुल्लक' म्हणतो, ते मला पटत नाही. शंभर दिवसांची मजुरी म्हणजे तीन महिन्यांहून जास्त पगार. कोणाचाही तेवढा बुडाला तर दुखेल. तुम्हाला लागलेले बोल खरे आहेत, जखम खरी आहे, आणि प्रभू तिला लहान म्हणत नाही. तरीही माफ झालेले त्याच्या सहा लाख पट आहे, आणि क्षमा करण्याचे बळ तिथूनच आणायचे. 'आता मन मोठे करते' असे ठरवून ते येत नाही. एक मात्र निक्षून सांगतो: घरात मारहाण होत असेल तर क्षमेच्या नावाखाली तिथे राहण्याची सक्ती कोणीही कोणावर करू नये. आधी सुरक्षित जागी जा. महिलांसाठी 181 हा मदत क्रमांक आहे. क्षमा दूर राहूनही करता येते.

आजारपणाचा मुद्दा तुम्ही ओझरता काढला आहे. पौलाने शरीरातला काटा निघावा म्हणून तीनदा विनंती केली. काटा राहिला, आणि 'माझी कृपा तुला पुरे आहे' हे उत्तर मिळाले. त्यामुळे बरे होण्यासाठी मागावे, मनापासून मागावे, आणि काटा राहिला तर आपला विश्वास खोटा ठरला असे मानू नये. रक्तदाबाच्या किंवा मधुमेहाच्या गोळ्या 'विश्वासाने' बंद करू नका, कोणीही सांगितले तरी. आणि तुम्हाला उद्देशून एक खास गोष्ट: एकाच पापाची कबुली दिवसातून दहा-वीस वेळा द्यावी लागते आणि तरी चैन पडत नाही, असे होत असेल, किंवा दोन आठवडे झोप उडाली असेल, रडू आवरत नसेल, तर हा मानसिक आजार असू शकतो आणि त्यावर उपचार आहेत. मनोविकारतज्ज्ञांना भेटा, सरकारच्या टेलि-मानसचा 14416 हा क्रमांकही आहे. डॉक्टरकडे जाणे कृपेच्या विरुद्ध नाही. कृपेची एक वाट दवाखान्यातूनही जाते.

पहिल्या महिन्यासाठी एवढेच करा. सकाळी एक उतारा, दिवसातली एक अवघड वेळ, आणि एक छोटी वही. वहीत पापे लिहायची नाहीत. पडल्याची वेळ आणि परत वळल्याची वेळ, दोनच आकडे. 'मंगळवार 7.10, बुधवार 6.00.' पुढच्या आठवड्यात कदाचित '7.10, 9.30.' राग तेवढाच येत असला तरी हा मधल्या वेळेचा आकडा उतरतो आहे का, ते पाहा. राग उशिराने कमी होतो. एखाद्या आठवड्यात आकडा वाढला तर तोही प्रभूला सांगा आणि पुढे लिहीत राहा. महिन्याने वही बंद करा, नाहीतर तिचाच नवा हप्ता होईल. मंडळीतल्या एका विश्वासू बाईला हे सगळे सांगून ठेवा, जिला 'आज पुन्हा झाले' एवढा निरोप पाठवला तरी ती दोन ओळी प्रार्थना करेल. एकट्याने हे फार दिवस चालत नाही.

बऱ्याच मंडळ्यांत महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असते. या वेळी मागच्या बाकावरून उठून पुढे जा. आणि मुलाची माफी मागायची अजून राहिली असेल, तर ती आज रात्री तो झोपायच्या आधी मागा.